डबा पाहिला

१

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. वाण्याला किंवा शिंप्याला त्याचं सोयरसुतक नसतं, पण सुताराचं सगळं त्याच्यावरच चालतं. डोमाजींनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात डब्यांची सुतारकी केली. दारं, खिडक्या, झडपा, बाकं, सगळं सुतात मोजलं. पवनारहून सायकलनं जायचे आणि सायकलनंच यायचे. १९७६ साली रिटायर होऊन घरी बसले, तेव्हा म्हातारा आता ओसरीवर बिड्या ओढत बसणार, असं गावानं धरून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं ओसरीवर पत्र्याचं टेबल मांडलं आणि पुन्हा डबेच करायला घेतले.

फरक एवढाच, की हे डबे लहान होते. फुटाला चार सूत हे त्यांचं माप. सत्तर फुटांचा डबा टेबलावर तीन फुटांच्या आत मावायचा. तिसऱ्या वर्गाचा डबा त्यांनी कधी केला नाही. "बाकडं अन् गर्दी, त्यात काय कारागिरी हाय?" असं म्हणायचे. फर्स्टक्लास, जेवणाचा डबा आणि साहेब लोकांची सलूनं यांवरच त्यांचा जीव. लाकूड अस्सल सागाचं, कड्याकोयंडे पितळी टाचण्यांचे, काचेच्या जागी फोटोच्या धुतलेल्या फिल्मा, आणि बैठकीला जुन्या पाकिटाचं कातडं. दिसायला सुंदर, ही गोष्ट त्यांच्या लेखी दुय्यम होती. दार उघडलं पाहिजे, झडप वरखाली झाली पाहिजे आणि आतली कडी आतून लागली पाहिजे.

"लागली पाह्यजे म्हंता, पण लावन कोण? मुंगी?" मनकर्णाबाई विचारायच्या. त्या त्यांच्या पत्नी. नवऱ्याच्या या उद्योगाला त्या खेळणं म्हणत, आणि शेजारची धुरपता तर सलून म्हणजे दाढीचं दुकान समजून दोन वर्षं त्या टेबलाकडे पाहत होती.

डबा पुरा झाला की चार स्क्रूंनी छत बसवायचं आणि शेवटच्या दारावर खडूनं ‘पा.’ लिहून खाली तारीख घालायची. ही यार्डातली सवय. रिकामा डबा कुलूपबंद करण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक खोलीच्या दारावर टकटक करायची, "हाय का कोणी?" म्हणून हाक द्यायची, दहा आकडे मोजायचे, दार उघडून डोळ्यांनी पाहायचं आणि मगच बाहेर येऊन लिहायचं: ‘पा.’ म्हणजे, डबा पाहिला. डोमाजींच्या हाताला ते वळण इतकं पडलं होतं, की लग्नाच्या पत्रिकेवरही तो ‘पा.’ कधी उमटला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं.

२

१९७९च्या आखाडात नागपूरहून एका रिटायर साहेबांचं पत्र आलं, आणि त्याच्यासोबत निळ्या कागदावरचा नकाशा. ज्या सलूनमधून आपण बारा वर्षं दौरे केले ते सलून टेबलावर ठेवायला हवं, दिवाळी झाली की गाडी पाठवून घेऊन जाईन, असं त्यात लिहिलं होतं.

नकाशाच्या कोपऱ्यात सलूनचा नंबर होता. डोमाजींनी तो वाचला आणि नकाशा घडी घालून फळीवर ठेवला. दोन दिवस त्याला हात लावला नाही. नाही म्हणून कळवावं, असं त्यांच्या मनात होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सागाची पट्टी काढली आणि खुणा करायला बसले.

सलून म्हणजे मोठ्या साहेबाचं चाकांवरचं घर. पुढे बैठक, मग निजायची खोली, न्हाणी, स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी, साहेबाच्या नाकाला बिडीचा वास येऊ नये इतक्या लांब, शिपायाची खोली. एक अरुंद बाक, एक खिडकी, एक दार, बस्स. डोमाजींनी आधी साहेबाच्या खोल्या केल्या. शिपायाची खोली सगळ्यात शेवटी केली, आणि ती करताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

एकूण अठरा खिडक्या झाल्या. अठराही झडपा बोटाच्या नखानं वर सरकत आणि ठेवाल तिथं राहत. छत बसवून पाहावं म्हणून एका संध्याकाळी त्यांनी ते नुसतं वर ठेवलं, झडपा सगळ्या वर केल्या आणि जेवायला गेले. सकाळी सतरा झडपा वर होत्या. शिपायाच्या खोलीची खाली होती.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि डोमाजी घाबरलेही नाहीत. छताचा भार चौकटीवर आला असेल, झडप सुटून खाली आली असेल. त्यांनी खाचेत कागदाची पट्टी घालून ती घट्ट केली. दुसऱ्या दिवशी झडप पुन्हा खाली. आता वाटलं, पावसाच्या दिवसांत लाकूड फुगलं असेल. पण फुगलेलं लाकूड अडकतं, घसरत नाही, हे बत्तीस वर्षांच्या सुताराला कोणी सांगायला नको. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरस लावून झडप वरच चिकटवून टाकली.

चौथ्या दिवशी ती खाली होती. सरसाच्या वाळलेल्या खपल्या खिडकीच्या आतल्या बाजूला पडल्या होत्या.

छत काढून ठेवलं, तर मात्र काही होत नसे. आठ आठ दिवस सगळ्या झडपा वर. छत ठेवलं की सकाळी ती एक खाली.

३

मनकर्णाबाईंचं माहेर हिंगणघाटकडचं, अल्लीपूर. त्यांना एकच भाऊ होता, बापूराव, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तो यांच्याच मांडीवर वाढला. १९६६च्या उन्हाळ्यात, वीस वर्षांचा असताना, तो नाहीसा झाला.

बापाशी त्याचं भांडण होतं. त्याला शेती करायची नव्हती, मुंबईला गिरणीत जायचं होतं. त्यामुळे तो गेला तो मुंबईलाच गेला, यावर दोन्ही गावांचं एकमत झालं. हिंगणघाटच्या एका माणसानं त्याला नाशिकला चहाच्या दुकानात पाहिलं म्हणे. मनकर्णाबाई त्या एका ‘म्हणे’वर पाच वर्षं जगल्या.

दर भाऊबीजेला त्या पाट मांडायच्या, भोवती रांगोळी काढायच्या, पाटावर सुपारी ठेवायच्या आणि सुपारीला ओवाळायच्या. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, ही रीत सगळ्यांना ठाऊक. धुरपता दरवर्षी न चुकता ती सांगायची. मनकर्णाबाई तिच्यावर खेकसायच्या, "चंद्राले ओवाळाले माहा भाऊ मेला हाय का? आज ना उद्या येईन तो. आला अन् मी चंद्राले ओवाळून बसलेली, तं त्याले काय वाटंल?"

असल्या वेळी डोमाजी रंधा काढून काहीतरी तासायला बसत. कारण बापूराव शेवटचा कुठे होता, हे जगात एकट्या डोमाजींना माहीत होतं.

४

त्या वर्षीच्या वैशाखातला दिवस होता. बापूराव बहिणीकडून अल्लीपूरला परत जायला निघालेला, हातात भाकरीची शिदोरी, आणि मोटरला दोन तास अवकाश म्हणून तो यार्डात डोमाजींना भेटायला आला. बाजूच्या रुळावर साहेबाचं सलून उभं होतं, नकाशावरच्या त्याच नंबरचं. साहेब सकाळीच उतरून गेले होते. आता डबा तपासून कुलूप लावायचं आणि संध्याकाळच्या गाडीला जोडून दूरच्या कारखान्यात दुरुस्तीला पाठवायचा, एवढंच काम उरलं होतं.

"भाऊजी, एकडाव आतून पाहू द्या ना," बापूराव म्हणाला.

बाहेरच्या माणसाला सलूनमध्ये नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पण बायकोचा एकुलता भाऊ, आणि आसपास कोणी नव्हतं. डोमाजींनी नेलं. पोरगा मखमलीचे पडदे पाहून हरखून गेला. "बस ना गादीवर," डोमाजी म्हणाले, तर तो बसेना. "साहेबाच्या गादीवर मी कसा बसू? पाय पाहा माहे कशे धुळीचे हायेत." असं करत करत तो शेवटच्या खोलीत पोचला. अरुंद बाक पाहून हसला आणि त्यावर बसून पाय लांब केले. "भाऊजी, हे माह्या मापाचं हाय."

तिथंच त्यानं भाकर खाल्ली, डोमाजींच्या सुरईतलं पाणी प्याला आणि वाऱ्यासाठी खिडकीची झडप वर केली. तेवढ्यात डोमाजींना हाक आली. आलेल्या गाडीच्या एका डब्याचं दार निखळलं होतं. "मी जातो. तू निंग मोटरीच्या टाइमावर, अन् दार लोटून घेजो," असं सांगून ते सुरई उचलून गेले.

तासाभरानं परत आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. डोकं भणभणत होतं. त्यांनी खालूनच पाहिलं: शिपायाच्या खोलीची झडप आता खाली होती. शहाणा पोरगा, झडप लावून गेला, असं त्यांना वाटलं. साहेबाच्या बाजूच्या दारात उभं राहून त्यांनी एक हाक मारली, "हाय का कोणी?" दहा आकडे मोजले नाहीत. सत्तर फूट चालले नाहीत. दोन्ही दारांना चावी फिरवली आणि खडूनं लिहिलं: ‘पा.’

झडप लावून माणूस जातो, तसा झडप लावून माणूस झोपतोही. भर उन्हात भरल्या पोटी, पहिल्यांदा मिळालेल्या थंड अंधारात तर झोपतोच. हा विचार त्यांना आठ दिवसांनी आला, जेव्हा अल्लीपूरहून निरोप आला की बापूराव अजून बहिणीकडेच आहे का.

पण मग दुसरा विचार त्यांनी त्याच्यापुढे उभा केला, आणि तेरा वर्षं तोच धरून ठेवला. आत कोणी असतं तर ओरडलं असतं. काच फोडली असती. कारखान्यात डबा उघडला तेव्हा बोंबाबोंब झाली असती, पोलीस आले असते, तार आली असती. काहीच आलं नाही. म्हणजे आत कोणी नव्हतं. हिशेब चोख होता. एक पत्र टाकून कारखान्यात विचारलं असतं तर खात्रीही झाली असती. पण विचारणं म्हणजे सांगणं होतं. आधी ते नोकरीसाठी गप्प राहिले, आणि पुढे, इतके दिवस गप्प राहिलो हे कसं सांगायचं, म्हणून गप्प राहिले.

५

श्रावणात चार दिवस झड लागली होती. सूर्याचं दर्शन नव्हतं. डोमाजींनी सहज म्हणून सलूनच्या छतावरून हात फिरवला, आणि तो शेवटच्या टोकाला थांबला. तिथं छत ऊन होतं. नुसतं कोमट नाही, वैशाखात पत्र्याला हात लावला की मागे घ्यावा लागतो तसं.

भिंतीच्या पलीकडे चूल होती. तिची धग येत असणार. त्यांनी टेबल उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं पलीकडे नुसता पाऊस होता. छत तेवढ्याच जागी, तेवढंच ऊन होतं.

मग आवाज सुरू झाला. दुपारच्या वेळी, घर शांत असताना, लाकडात टक, टक, टक, आणि मग थांबणं. भुंगा लागला असेल, सागालाही लागतो कधी कधी. त्यांनी भोकं शोधली, एकही सापडलं नाही. तरी रॉकेलचा बोळा फिरवला. दुसऱ्या दुपारी पुन्हा टक, टक, टक. भुंगा पोखरतो तेव्हा पोखरतच राहतो. हे मात्र तीनदा वाजून थांबायचं, कोणी उत्तराची वाट पाहावी तेवढं.

"अवं, तुले काई आयकू येते का?" त्यांनी बायकोला विचारलं.

मनकर्णाबाईंनी कान दिला. "पागोळ्या हायेत," त्या म्हणाल्या. आणि मग नवऱ्याकडे बघून, "तुमची तब्येत ठीक हाय ना? जेवण कमी करून राह्यले तुमी."

दुसऱ्या दिवशी पीठ मागायला धुरपता आली. त्या वेळी छत काढलेलं होतं. ती कमरेवर हात ठेवून वरून आत डोकावली. साहेबाची खोली पाहिली, न्हाणीतलं इवलंसं घंगाळ पाहून तोंडाला पदर लावला, आणि शेवटी म्हणाली, "बाकी सगळं गुळगुळीत केलं, मंग याच गादीले खड्डा काऊन पडला हो, बुवा? कोणी निजल्यावानी?"

ती गेल्यावर डोमाजींनी चष्मा लावला. शिपायाच्या बाकावरची कापडी गादी त्यांनी स्वतः कापूस भरून शिवली होती. ती मधोमध दबली होती. डोक्याकडे जास्त, मग थोडी कमी, आणि टाचांच्या जागी दोन बारीक खळगे. त्यांनी पट्टी लावली. माप लावल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे.

बावीस सूत. फुटाला चार सूत, म्हणजे साडेपाच फूट.

त्यांनी गादी काढून फेकली आणि नवी शिवली. छत ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढायला गेले, तर आधी दारातून पाहावं म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूनं सुई घालून शिपायाच्या खोलीचं दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी लागली होती. छत उचलून त्यांनी वरून ती चिमट्यानं काढली. नव्या गादीवर तोच खळगा होता.

डोमाजींना त्या वेळी भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. त्यांनी खांद्यावरचं उपरणं तोंडावर धरलं.

६

तरी काम त्यांनी पुरं केलं. साहेबांची गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. एकदा ते सलून नागपूरला गेलं, की आपल्या डोक्याचा ताप जाईल, असं ते स्वतःला सांगत. दिवाळीच्या चार दिवस आधी त्यांनी चारही स्क्रू आवळले. छत पक्कं झालं. हातानं सवयीनं खडू उचलला आणि शेवटच्या दारावर ‘पा.’ लिहिलं, खाली तारीख घातली.

सकाळी पाहतात तर पुसलेलं.

"तू पुसलं का?"

"मी काऊन पुसू?" मनकर्णाबाई करंज्यांचं सारण भाजत होत्या. "तुमच्या डब्याले बोट लावाची मले हिंमत हाय का?"

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा लिहून त्यांनी वर कापड झाकलं, चारी कोपऱ्यांना चार ठोकळे ठेवले. सकाळी ठोकळे जागच्या जागी होते. कापड काढलं. तारीख जशीच्या तशी होती, त्यांच्या वळणदार आकड्यांत. फक्त ‘पा.’ नव्हता.

खोटी तेवढीच गोष्ट पुसली गेली होती. हे डोमाजींना कळलं, आणि कळल्यावर त्यांनी चौथ्यांदा खडू उचलला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मनकर्णाबाईंनी पाट काढला नाही. डोमाजींनी विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तेरा भाऊबीजा झाल्या. सुपारीले ओवाळून ओवाळून हात दुखले माहे. यंदा चंद्राले ओवाळीन." मग एक खडा वेचून टाकत, "तो तिकडं सुखात असंल अन् आपल्याले इसरला असंल, तं इसरू दे. नसंल, तं त्याच्या जिवाले तरी शांती भेटन. एका बाजूनं काई तं झालं पाह्यजे ना."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर डोमाजी याही वर्षी रंधा घेऊन बसले असते. पण त्या हिशेब मिटवल्यासारख्या तांदूळ निवडत राहिल्या, आणि ते त्यांना बघवेना. तेरा वर्षं जी गाठ त्यांनी घट्ट धरून ठेवली होती, ती हिच्या गळ्यात होती, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

७

सूर्य बुडाला. बीजेचा चंद्र घटकाभरच दिसतो. नदीपलीकडच्या झाडांवर तो नखाएवढा दिसत होता. मनकर्णाबाई ओसरीच्या पायरीवर तबक घेऊन उभ्या होत्या. निरांजन पेटलेलं, हळदकुंकू, अक्षता, सुपारी. मागे टेबलावर सलून, अठरातल्या सतरा झडपा वर.

"थांब," डोमाजी म्हणाले. "बापूराव त्या दिवशी यार्डात आलता."

त्यांनी सगळं सांगितलं. एकदा सुरुवात झाल्यावर सांगायला फार वेळ लागला नाही. तेरा वर्षं जे पोटात मावत नव्हतं, ते दहा वाक्यांत संपलं. निरांजनाची ज्योत वाऱ्यानं हलत होती आणि मनकर्णाबाई एका हातानं तिला आडोसा धरून ऐकत होत्या.

त्यांनी विचारलं, "जेवला होता का तो?"

"भाकर खाल्ली. माह्या सुरईतलं पाणी प्याला."

"अन् सुरई?"

"मी घेऊन गेलतो."

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज बदलला होता. "सगळ्या खोल्या पाह्यल्या तुमी?"

हाच प्रश्न. तेरा वर्षं डोमाजी मनात त्याचं एकच उत्तर घोकत आले होते. ते उत्तर त्यांनी खडूनं लिहिलं होतं.

"नाई," ते म्हणाले. "शिपायाची नाई पाह्यली."

मनकर्णाबाई पायरीवरून वर आल्या. टेबलाजवळ तबक घेऊन उभ्या राहिल्या. "मंग आता पाहा."

"त्यात काई नाई वं. मी छत काढून धा डाव—"

"छत काढून नोको. तवा जसं पाहाले पाह्यजे होतं तसं पाहा."

डोमाजी उठले. हे खुळ्यासारखं आहे, हे त्यांना समजत होतं. सागाच्या खोक्यापुढे दोन म्हातारी माणसं. तरी ते साहेबाच्या बाजूच्या टोकाला गेले, वाकले, आणि बैठकीच्या दारावर नखानं टकटक केली. "हाय का कोणी?" एक, दोन, तीन, असं दहापर्यंत मोजलं. खिडकीला डोळा लावून पाहिलं. मग निजायची खोली. मग न्हाणी. मग स्वयंपाकघर. प्रत्येक खोलीला दहा आकडे. एकही आकडा त्यांनी गाळला नाही. चंद्र झाडांच्या शेंड्याला टेकत आला होता, पण मनकर्णाबाईंनी घाई केली नाही.

शेवटच्या खिडकीपाशी ते गुडघ्यांवर बसले. झडप खाली होती. गालाला धग लागत होती.

टक, टक, टक.

"हाय का कोणी?" त्यांनी पुन्हा म्हटलं, "बापूराव, हायेस का बाप्पा?"

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

सातला आत कडी निघाली. पितळी टाचणी दोन कड्यांमधून सरकताना कसा आवाज करते, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? ती त्यांनीच बसवली होती.

झडप वर सरकली. अर्धा सूत. एक सूत. तिथं थांबली.

आत काळोख होता. निरांजनाचा उजेड खिडकीच्या खालच्या चौकटीवर पडला, आणि त्या चौकटीवर आतून, एकाला एक लागून, चार बोटं टेकली होती. झडप धरून ठेवणाऱ्या माणसाची असतात तशी. डोमाजींची नजर, त्यांनी सांगितलं नसताना, माप घ्यायला गेली. तीन इंचांचं बोट, फुटाला चार सूत. एक सूत व्हायला हवं.

एक सूत होतं.

"दिसलं काई?" मागून मनकर्णाबाईंनी विचारलं.

डोमाजींना मान वळवता येईना. त्यांनी तोंड उघडलं, आणि जो शब्द त्यांनी तेरा वर्षांपूर्वी न चालता, न मोजता, उन्हाला कंटाळून लिहिला होता, तोच बाहेर आला.

"पाह्यला," ते म्हणाले.

मनकर्णाबाईंनी चंद्राकडे पाठ केली आणि तबक उचललं.